क्लोरीन टाकण्याआधी एक बादली भरा

लोणावळा, कर्जत, पाचगणी, दापोली, गुहागर, कुठेही दोन दिवसांसाठी बंगला भाड्याने घ्यायला जा, जाहिरातीत आंबा-फणसाच्या झाडांच्या आधी ‘जकुझी’ असते. स्वतःच्या फार्महाऊसवर गरम पाण्याचा टब बसवणारेही पुष्कळ झाले आहेत. हे लिहिणं त्या टबांच्या मालकांसाठी आहे, आणि त्यांच्याहून जास्त, तो टब रोज सांभाळणाऱ्या केअरटेकर मंडळींसाठी. कारण बिघाड झाला की बोलणी त्यांनाच खावी लागतात आणि बहुतेक वेळा चूक त्यांची नसते.

आधी एक फरक. बाथरूममधला फवाऱ्यांचा टब, ज्यात एकदा आंघोळ करून बूच काढायचं, त्याबद्दल मी बोलत नाही. तिथलं पाणी तासाभरात गटारात जातं. मी बोलतोय तो अंगणातला किंवा गच्चीवरचा, हजार-दीड हजार लिटरचा टब, ज्यातलं पाणी तीन-तीन महिने तेच राहतं, तेच गाळून, तापवून, क्लोरीन टाकून पुन्हा पुन्हा वापरलं जातं. अशा पाण्यात जे काही विरघळलेलं येतं ते कुठेही जात नाही.

तक्रार नेहमीची आहे. बोअरचं पाणी भरलं तेव्हा तळाची जाळीसुद्धा स्पष्ट दिसत होती. हीटर लावला, क्लोरीन टाकलं, आणि अर्ध्या तासात पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला. मालक म्हणतात, क्लोरीन भेसळीचं आहे. केअरटेकरला वाटतं, पाणी खराब झालंय, अजून क्लोरीन टाकू. तो टाकतो आणि रंग आणखी गडद होतो. मग फोनाफोनी.

क्लोरीनमध्ये काही खोट नसते. खोट म्हणायचीच तर पाण्यात आहे, आणि ती पाणी भरतानाच आत आलेली असते. जमिनीत खोलवर हवा पोचत नाही. तिथल्या पाण्यात लोखंड विरघळलेल्या रूपात राहतं आणि त्या रूपात त्याला रंग नसतो. वर आल्यावर हवा लागली की ते हळूहळू गंजतं, क्लोरीन मिळालं की झटकन गंजतं. गंजलेलं लोखंड पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते तांबूस कण होऊन तरंगतं आणि नंतर टबाच्या कडेला, पायरीवर, फवाऱ्यांच्या तोंडावर बसतं. क्लोरीनने रंग आणलेला नाही, लपलेला रंग बाहेर काढला आहे.

कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर हा प्रकार होण्याला कारण आहे. जांभा दगड लाल दिसतो तो त्यातल्या लोखंडामुळेच. वेंगुर्ल्याजवळ रेडीला लोहखनिजाची खाण आहे आणि गोव्यात तर लोखंडाच्या जोडीला मँगनीजही निघतं. अशा जमिनीतून झिरपलेलं पाणी लोखंड घेऊन आलं तर त्यात नवल नाही. तरीही प्रत्येक बोअर वेगळी असते. शेजारच्या वाडीतलं पाणी चांगलं, म्हणून आपलंही चांगलं, असं धरून चालू नका. उघड्या विहिरीच्या पाण्याला वारा लागत असतो, त्यामुळे तिच्यात विरघळलेलं लोखंड सहसा बोअरपेक्षा कमी असतं. टब भरायला विहीर आणि बोअर दोन्ही हाताशी असतील तर आधी विहिरीचं पाणी तपासून बघा.

किती लोखंड पुरतं? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कपड्या-भांड्यांवर डाग पडू नयेत आणि चव बिघडू नये म्हणून पाण्यातल्या लोखंडाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम सुचवली आहे, मँगनीजची ०.०५. आता समजा तुमच्या बोअरमध्ये लिटरला १ मिलिग्रॅम लोखंड आहे. बाराशे लिटरच्या टबात सव्वा ग्रॅमच्या आसपास लोखंड झालं. चिमूटभरसुद्धा नाही, पण पांढऱ्याशुभ्र टबाची शोभा घालवायला तेवढं पुरतं. शिवाय गरम पाण्याची वाफ होते, अंगाला लागून पाणी बाहेर जातं, म्हणून दर आठवड्याला तुम्ही वरून भर घालता. वाफेबरोबर लोखंड उडून जात नाही, ते टबातच राहतं, आणि प्रत्येक भरीबरोबर नवं येतं. आठवड्याला शंभर लिटर भर घातली, तर तीन महिन्यांत आधीइतकंच लोखंड आणखी आत गेलेलं असतं. ‘पहिले दोन महिने ठीक होतं, आता अचानक काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

म्हणून माझं सांगणं: टब भरण्याआधी बादलीत पाणी घेऊन बघा. पंप दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या, मग दोन पांढऱ्या बादल्या भरा. एकीत तुम्ही टबात टाकता तेच क्लोरीन चिमूटभर टाका, दुसरीत काही नको. तासाभराने दोन्ही शेजारी ठेवून बघा. क्लोरीनची बादली पिवळी-तांबूस झाली तर लोखंड आहे. रात्रभर ठेवून सकाळी तळाशी काळपट तपकिरी गाळ दिसला तर मँगनीजची शंका घ्या, ते लोखंडापेक्षा सावकाश गंजतं. नळातूनच लालसर पाणी आलं तर तो आधीच गंजलेला कण आहे, बहुधा जुन्या जीआय पाइपाचा किंवा टँकरच्या आतल्या पत्र्याचा. तो त्यातल्या त्यात सोपा, कारण कण गाळता येतो. विरघळलेलं लोखंड साध्या गाळणीतून सरळ पलीकडे जातं. हा फरक नीट लक्षात ठेवा, फिल्टर विकणारे तो सांगतीलच असं नाही.

आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत. बाटली काठोकाठ भरा आणि लगेच पोचवा. दोन दिवस गाडीत ठेवली तर लोखंड तळाशी बसतं आणि वरचं नितळ पाणी तपासून अहवाल सुरेख येतो. लोखंड, मँगनीज, तांबं, पीएच, अल्कलिनिटी आणि कठीणपणा एवढं मागा. न्यू जर्सीत विहिरीचं पाणी वापरणाऱ्या मराठी घरांना एक सोय आहे. तिथे २००१ च्या कायद्यानुसार खासगी विहीर असलेलं घर विकताना पाण्याची तपासणी सक्तीची आहे आणि तीत लोखंड, मँगनीज, पीएच येतातच. घरखरेदीच्या कागदांत तो अहवाल शोधा. मात्र जुना असेल तर पुन्हा करून घ्या.

बादली लाल झाली, आता काय? सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे लोखंडाला टबाच्या बाहेरच गंजू देणं. हजार लिटरची एक जादा टाकी घ्या. तिच्यात बोअरचं पाणी शॉवरच्या तोटीतून, उंचावरून पडू द्या म्हणजे हवा मिसळते. थोडं क्लोरीन टाका, ढवळा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी तळाशी गंजाचा थर बसलेला असतो. तळापासून वीतभर वर नळ बसवून वरचं पाणी घ्या आणि बारीक कार्ट्रिजमधून गाळून टबात सोडा. गावोगावी हातपंपांना जोडलेल्या लोह काढायच्या टाक्या याच तत्त्वावर चालतात: हवा, निवळणं, वाळू. यात नवीन काही नाही, फक्त धीर लागतो. मँगनीज असेल तर ही युक्ती अपुरी पडते. मग त्यासाठीचं खास माध्यम भरलेला, उलट्या प्रवाहाने धुता येणारा फिल्टर बसवावा लागतो आणि तो तुमच्या अहवालावरून निवडायचा असतो, दुकानातल्या फलकावरून नव्हे.

तुरटी? या टाकीत चालेल. निवळायला मदत करते, आपल्या आज्या करत आल्या तेच. टबात मात्र तुरटी फिरवू नका. विरघळलेलं लोखंड ती पकडत नाही, पाण्याचा पीएच खाली आणते आणि तिचा चिकट गाळ टबाच्या छोट्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

टँकर मागवणार असाल तर पाणी कुठून भरलं ते विचारा. बऱ्याचदा तेही कुणाच्या तरी बोअरचंच असतं. आणि एप्रिल-मे महिन्यात, जिथे वाडीवरच्या बायका टँकरच्या रांगेत उभ्या आहेत तिथे बाराशे लिटर टबासाठी उतरवून घेण्याआधी थोडा विचार कराल, ही माझी विनंती. पावसाळ्यात छतावरचं पाणी साठवता येत असेल तर लोखंडाचा प्रश्नच मिटतो, पण ते पाणी फार मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. तसंच भरलं तर ते टबातला धातू खातं. त्याची अल्कलिनिटी वाढवून घ्या: हजार लिटरला शंभर ग्रॅम खायचा सोडा घातला की ती साधारण ६० पीपीएमने वाढते. ८० ते १२० च्या मध्ये आणा, म्हणजे पीएच जागेवर राहतो. धुण्याचा सोडा नको, त्याने पीएच एकदम चढतो.

लोखंड जमिनीतून येतं. तांबं मात्र बहुतेक वेळा आपणच आणतो, आणि ते मला जास्त खटकतं.

त्यातली पहिली वाट मोरचुदाची. कोकणातल्या वाडीवर सुपारीच्या फवारणीसाठी मोरचूद घरात असतंच. शेवाळ आलं की ‘थोडं मोरचूद टाक’ हा सल्ला कुणीतरी देतोच, कारण तलावांत ते वापरतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. टबात टाकलंत तर तुम्ही तांबं मोजून आत ओतलं. मग निळसर-हिरवे डाग, आणि आजीचे पांढरे केस हिरवट. सोनेरी केसांच्या पोहणाऱ्या मुलींमध्ये हा प्रकार जगभर दिसतो आणि दोष क्लोरीनला दिला जातो, पण केसांत बसतं ते तांबं. कलप लावलेल्या काळ्या केसांत ते दिसत नाही एवढंच. शेवाळनाशक म्हणून विकत घेतलेल्या बाटलीवरही ‘कॉपर’ शब्द आहे का ते बघून घ्या.

दुसरी वाट ‘रसायनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तांबं-चांदीच्या आयोनायझरची. तांब्याच्या पिंपातलं पाणी चांगलं, ही आपल्याकडची श्रद्धा विक्रेत्यांना फार सोयीची पडते. हे यंत्र मुद्दाम पाण्यात तांबं सोडतं, तेच त्याचं काम आहे. त्याच्या जोडीला क्लोरीन लागतंच, आणि तांब्याची पातळी नियमित मोजायची तयारी नसेल तर डाग ठरलेले. माझ्या मते घरगुती टबाला ते नकोच.

तिसरी वाट सगळ्यांत महाग पडते. ट्रायक्लोरच्या गोळ्या तरंगत्या डबीत घालून टबात सोडून द्यायची सवय पोहण्याच्या तलावावरून आलेली आहे. या गोळ्या फार आम्लधर्मी असतात, विरघळताना पीएच ३ च्या आसपास. मोठ्या तलावात ते खपून जातं, हजार लिटरच्या टबात आठवड्याभरात पीएच कोसळतो. पंप बंद असताना डबी एका कोपऱ्यात थांबली की तिथलं पाणी आम्लच. गॅसच्या हीटरमध्ये तांब्याची नळी असेल तर ती हळूहळू विरघळते आणि पाणी सुरेख निळसर होतं. पाहुणे त्याचे फोटो काढतात. भरायचं पाणी स्वच्छ असताना टबात तांबं सापडलं, तर आधी पीएच बघा आणि मग हीटर उघडून बघा. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवणं हा हीटर वाचवण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

हिरवं पाणी दिसलं की लोक शेवाळ समजतात. पाणी हिरवं पण पारदर्शक असेल तर धातूचा संशय घ्या, हिरवं आणि गढूळ असेल तर शेवाळाचा. पांढरा खरखरीत थर ही तिसरीच गोष्ट, तो कठीण पाण्यातला क्षार. व्हिनेगर टाकल्यावर फसफसला तर खात्री पटते.

आता, पाणी आधीच भरून झालंय आणि बादलीची आठवण नंतर झाली, असं समजू. क्लोरीन अजून टाकलं नसेल तर थांबा. बाजारात धातू बांधून ठेवणारी औषधं मिळतात, बाटलीवर ‘मेटल’, ‘स्टेन’ असे शब्द असतात आणि आत बहुधा एचईडीपी नावाचं रसायन असतं. बाटलीवरच्या मापाने ते आधी घाला, हीटर आणि पंप चालू ठेवून एक दिवस फिरू द्या, मग पीएच जुळवा आणि त्यानंतर क्लोरीन थोडं थोडं करून टाका. हा क्रम उलटा केला तर पैसे पाण्यात.

पण हे औषध धातू काढत नाही. लग्नघरातल्या भांडखोर पाहुण्याला कुणीतरी गप्पांत गुंतवून ठेवावं, तसं ते लोखंडाला गुंतवून ठेवतं. गुंतवणारा उठला की पाहुणा मोकळा. क्लोरीन आणि उष्णता हे औषध रोज थोडं थोडं तोडत असतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा द्यावं लागतं, आणि क्लोरीनचा मोठा डोस दिला की त्यानंतर लगेच. दरम्यान जे लोखंड गंजून कण झालंय ते पकडायला उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस जाळीच्या पिशवीत घालून पाणी आत ओढणाऱ्या तोंडाशी ठेवा. तो तांबडा झाला की फेकायचा. फिल्टरचं कार्ट्रिजही काढून धुवा, नुसतं वरून पाणी मारून परत बसवू नका. लोखंड फारच असेल तर या खटाटोपापेक्षा टब रिकामा करून निवळलेल्या पाण्याने भरणं सोपं. बाराशे लिटरला ते परवडतं. रिकामं करताना क्लोरीन उतरू द्या आणि मगच पाणी सोडा, कलमांच्या बुंध्यात ताजं क्लोरीनचं पाणी नको.

डाग पडलेत? घासू नका. क जीवनसत्त्वाची साधी गोळी ओल्या डागावर अर्धा-एक मिनिट दाबून धरा. डाग फिका झाला तर तो लोखंडाचा. मग क्लोरीन शून्यावर येऊ द्या, टबात कुणाला उतरू देऊ नका, आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडची पूड पाण्यात घालून पंप फिरवा. डाग डोळ्यांदेखत जातो. क्लोरीन उरलेलं असेल तर मात्र ते पुडीला खाऊन टाकतं आणि तुमचा खर्च वाया. डाग गेल्यावर लोखंड नाहीसं झालेलं नसतं, ते परत पाण्यात विरघळलेलं असतं. त्याच पाण्यात क्लोरीन टाकलंत तर उद्या डाग पुन्हा हजर. म्हणून ते पाणी काढूनच टाका.

आणि हात जोडून सांगतो, संडास धुवायचं ॲसिड टबाला लावू नका. ते स्टीलच्या तोट्या खातं, टबाची चकाकी घालवतं, आणि क्लोरीनच्या किंवा ब्लीचिंग पावडरच्या संपर्कात आलं की विषारी वायू सुटतो. बंद खोलीत टब असेल तर जिवावर बेततं. तसंच ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मापाने, एका बादलीत कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्या मिश्रणाने आग लागते, स्फोटही होतो. केअरटेकरला हे नुसतं सांगू नका, डब्यांवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

एक धोका याहून मोठा आहे आणि तो डागाच्या भीतीतून जन्मतो. क्लोरीन टाकलं की पाणी लाल होतं, हे कळल्यावर काही जण क्लोरीनच टाकायचं थांबवतात. पाणी सुंदर दिसतं. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात असाच एक टब फक्त दाखवण्यासाठी चालू ठेवला होता, त्यात कुणी उतरलंही नव्हतं. त्याच्या तुषारांतून लेजिओनेला जंतू पसरले आणि तीसहून अधिक माणसं न्यूमोनियाने दगावली. कोमट फसफसतं पाणी या जंतूंना फार मानवतं. अमेरिकेच्या सीडीसीचा सल्ला असा की गरम टबात मोकळं क्लोरीन किमान ३ पीपीएम हवं, पीएच ७ ते ७.८ मध्ये आणि तापमान ४० अंशांच्या वर नको. तपकिरी पाणी बघवत नाही हे खरं, पण क्लोरीन नसलेल्या नितळ पाण्यापेक्षा ते कमी धोक्याचं आहे.

पाहुणे उद्या सकाळी येणार आणि टब आज संध्याकाळी लाल झाला, असा फोन केअरटेकरकडून आला तर त्याला आणखी काही टाकायला सांगू नका. तपासणीची पट्टी बुडवून क्लोरीन आणि पीएच वाचून दाखवायला सांगा, तळाची जाळी दिसते का विचारा. आकडे ठीक असतील आणि तळ दिसत असेल तर फक्त फिल्टर रात्रभर चालू ठेवा, आणि पाहुण्यांना आधीच कळवा की पाण्याला बोअरच्या लोखंडाचा रंग आहे, पांढरे कपडे घालून उतरू नका. तळ दिसत नसेल तर झाकण लावा, टब बंद ठेवा आणि त्या दिवसाच्या भाड्यातून काही रक्कम परत करा.